झाडांना आकडे आले

फाल्गुन लागला की झाडांना काय काय येतं. सावरीला फुलं येतात, आंब्याला मोहोर असतो, करंजाला कोवळी पोपटी पालवी फुटते. यंदा आमच्या रस्त्यावरच्या झाडांना आकडे आले.

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना पाहिलं. रावेतला आमच्या सोसायटीसमोरून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला बावीस झाडं आहेत, आणि बाविसांवर पिवळ्या ऑइलपेंटनं एक ते बावीस असे आकडे. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "दोन माणसं आली होती मॅडम, डबा-ब्रश घेऊन. मी विचारलं, तर म्हणाले वरून सांगितलंय." वरून म्हणजे कुठून, हे त्यानं विचारलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फोन लावत बसले. एका विभागानं दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, आणि तिसऱ्यानं अगदी मायेनं पहिल्याकडे परत पाठवलं.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "वृक्षगणना असेल, काळजी नसावी." त्याखाली अकरा अंगठे उमटले. मला अंगठा देता आला नाही. झाडावर आकडा दोन कारणांनी पडतो. एक मोजायला आणि एक तोडायला. आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो. हे पुस्तकात वाचून कळलेलं असतं तर मी शांत झोपले असते.

मला ते जिच्यातून कळलं ती गोष्ट ह्याच दिवसांतली, बऱ्याच वर्षांपूर्वीची. माघ सरत आलेला, गवताच्या काड्या झालेल्या, आणि हवेत सारखा कुठून तरी जळल्याचा वास. मी तेव्हा एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. विषय मोठ्या ऐटीत घेतला होता: चाकणच्या कारखान्यांना पेट्या आणि मालाखालचे लाकडी पॅलेट बनवायला जे लाकूड लागतं, त्यातलं किती आजूबाजूच्या खाजगी डोंगरउतारांवरून येतं, आणि मालकाला झाड ठेवणं परवडतं की विकणं. विषय ऐटीतला वाटला तरी आला होता घरातून. पप्पा मोशीजवळच्या एका लाकडाच्या यार्डात पेट्या ठोकायचे. लातूरकडून तरुणपणी आले, दोन-तीन कंपन्यांत हंगामी राहिले आणि शेवटी खिळ्या-हातोड्याला चिकटले ते चिकटलेच. भोसरीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांच्या शर्टाचा वास रोज वेगळा असायचा. परदेशी पाइन आलं असेल तर औषधाच्या दुकानासारखा, जंगली लाकूड असेल तर ओल्या गोणपाटासारखा. लाकूड कुठलं हे ते न बघता सांगत. खिळा वाकला की म्हणत, "ऐन हाय. ऐन खिळ्याला जुमानत न्हाई."

माझा अभ्यासाचा तुकडा चाकणच्या पलीकडे, एका गावाच्या वरच्या अंगाला होता. मालक भिकूदादा. कंपनीत परमनंट, सकाळची शिफ्ट, घरी थोडा कांदा आणि वर डोंगराला टेकलेला दीड-दोन एकरांचा उतार. उतारावर ऐन, धावडा, मोई, दोन-चार बेहडे, मध्ये पेटल्यासारखा पळस. खालच्या बांधावर त्यांनी स्वतः कधीतरी लावलेल्या नीलगिरी. आसपासचे उतार बोडके झाले होते, प्लॉटिंगचे पांढरे दगड लागले होते. हा एकच तुकडा उभा होता, कारण त्याच्या पायथ्याला एक झरा होता आणि तो चैत्रापर्यंत टिकायचा.

पहिल्याच दिवशी भिकूदादांनी मला अंगणात बसवून विचारलं, "ताई, तुमी झाडावर नंबर टाकनार म्हनं?"

"हो दादा. पुढच्या वर्षी परत येऊन त्याच झाडांचा घेर मोजायचाय. किती वाढली ते कळायला हवं. नंबर नसला तर झाड कसं ओळखणार?"

"नंबरानं झाडाला काय व्हायचं न्हाई ना?"

"काही होत नाही दादा. माझा शब्द."

किती सहज दिला मी तो शब्द. वय तेवीस, हातात नवीन क्लिपबोर्ड, पायात दीडशे कुसळं अडकलेले मोजे. त्या वयात माणूस शब्द देतो तसा रस्त्यावर मिळालेला पत्रकाचा कागदही देत नाही कुणाला.

नंबर सुबक हवेत म्हणून पप्पांनी यार्डातले छाप आणून दिले. पत्र्यात कापलेले आकडे, शून्य ते नऊ. पेट्यांवर लॉट नंबर टाकायला ते वापरत. झाडावर छाप धरायचा, लाल रंगाचा बोळा फिरवायचा, झालं. "हातानं लिहिलं की वाकडंतिकडं होतंय माय," पप्पा म्हणाले, "तुझे सर बघतील, छाप असला की कसं ऑफिशियल दिसतंय." रंगही तिथलाच दिला, डब्यात तळाला उरलेला. छापातला चार जुना होता, त्याचा पाय मोडलेला. त्यामुळे चौदा, चोवीस, चौतीस, सगळे लंगडे उमटले. मला गंमत वाटली होती.

टेपचं दुसरं टोक धरायला भिकूदादांच्या बायको यायच्या, पारूवहिनी. पाच दिवस आम्ही दोघींनी चौसष्ट झाडांना मिठ्या मारल्या. घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा असतो. माझी छाती आणि वहिनींची छाती एका उंचीवर नव्हती, म्हणून मी काठीला खूण करून घेतली होती. त्यावर त्या म्हणाल्या, "झाडाचं माप घ्यायचं तर झाडाची छाती बघा की, आपली कशाला?" मी वहीत काठीचंच माप लिहून टाकलं. मोजता मोजता त्या बोलत राहायच्या, ह्याच्यावर मध लागतं, ह्याच्याखाली घोणस निघाली होती, हा वाकडा, हा माझ्या लग्नात एवढासा होता. मी घेर लिहीत होते. बाकीचं लिहायला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

रोज संध्याकाळी उतरताना मागे वळून पाहायचे. समोरच्या डोंगरावर वणव्याची रेघ दिसायची, कुणीतरी पेटवलेल्या गवताची. आज इकडे वळली तर? मला वाटायचं, माझ्या झाडांना धोका आहे तो आगीचा. मी रोज धूर बघत होते.

आता सांगायची ती गोष्ट यार्डातली आहे, आणि ती मला ठाऊक असायला हवी होती. पप्पांना तर ठाऊक होतीच. पण रोजच्या कामातली रीत इतकी अंगवळणी पडलेली असते की ती सांगण्यासारखी आहे असं वाटत नाही. यार्डाचे शेठ लाकूड उभं असतानाच विकत घेत. स्वतः जाऊन झाड पसंत करत आणि पसंतीच्या झाडावर छाप मारत. तेच पत्र्याचे आकडे, तोच लाल रंग. मग तोडणारी टोळी जाई. टोळीला नाव-गाव, गट नंबर काही सांगावं लागत नसे. मुकादमाला एवढंच ठाऊक असे, शेठचा लाल आकडा असेल ते पाडायचं.

शिमगा झाला आणि भिकूदादांनी बांधावरच्या नीलगिरी विकल्या. विहिरीचं पाणी ओढतात म्हणून. विकल्या त्या ह्याच शेठला, कारण तिकडचं सगळंच लाकूड ह्याच यार्डात जायचं. शेठ आले, नीलगिरीवर एक ते अठरा छाप मारले, गेले. वर चढून बघायचं त्यांना कारण नव्हतं.

त्या सकाळी साडेआठला पारूवहिनींचा फोन आला. पहिल्यांदा मला फक्त मशीन ऐकू आलं. मग त्या.

"ताई, तुमची झाडं पाडाया लागलेत. मी म्हनलं ही न्हाईत, ती खालची हायत. ते म्हनतात, वहिनी आकडा बघा. आकडा तर हायच की हो."

फाल्गुनात टोळीची रीत असते, सकाळच्या गारव्यात चढावरची झाडं उरकायची आणि ऊन तापलं की सपाटीवर यायचं. त्यामुळे त्यांनी वरून सुरुवात केली होती. खालच्या नीलगिरी तशाच उभ्या.

"दादा कुठंयत?"

"कंपनीत. फोन लॉकरात ठिवाया लावतात तिथं. तुमी या लवकर."

पप्पांची त्या आठवड्यात दुपारपाळी होती, म्हणून ते घरी होते. त्यांनी मला फोनवर ऐकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना माझ्याआधी सगळं समजलंय. "छाप," एवढंच म्हणाले. स्कूटर काढली.

मोशीपासून चाकणपर्यंतचा तो रस्ता मी आजही मनात तुकड्या-तुकड्यानं पार करते. चिंबळी फाट्याला ट्रेलर आडवा. आळंदी फाट्याला दोन्हीकडून गाड्या घुसलेल्या. नव्या कोऱ्या मोटारी लादलेला एक लांबलचक कंटेनर आमच्या पुढे, आणि त्याच्या पुढे पॅलेटनं भरलेला ट्रक. पप्पांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "आपल्याच यार्डातले हायत." मनात हिशोब चालू होता, यंत्राच्या करवतीला एका झाडाला किती मिनिटं लागतात, आणि आपण किती मिनिटं इथे उभे आहोत. असा हिशोब करायला मी वर्षभर शिकले होते.

"शेठना फोन करा ना," मी मागून म्हटलं.

पप्पांनी स्कूटर बंद केली, खिशातून फोन काढला, नंबर लावला. इतक्या वर्षांत त्यांनी शेठना कधी स्वतःहून फोन केला नव्हता. रिंग वाजत राहिली. दोनदा लावला, तीनदा लावला. पुढचा ट्रक हलला तसा त्यांनी फोन परत खिशात टाकला.

आम्ही पोहोचलो तेव्हा आवाज वरून येत होता. मी पळत चढले. वास आधी आला, ताज्या चिरलेल्या ऐनाचा, तुरट. मग उजेड दिसला. जिथे सावली असायची तिथे उजेड. एक ते सतरा पडलेली. अठराव्याची मुळाजवळची साल निघाली होती. आकडे क्रमानं पडले होते, कारण मी ते वरून खाली क्रमानं टाकले होते.

मी ओरडले. मुकादम शिवा, तिशीतला, सभ्य माणूस, यंत्र बंद करून म्हणाला, "ताई, आम्हाला काय म्हणता? शेठचा छाप आहे. हा चार बघा, पाय मोडलेला. दुसऱ्या कुणाचा असेल का?" ते चौदा नंबरचं झाड होतं, आडवं. त्याच्यावरचा लंगडा चार आभाळाकडे बघत होता.

"ती माझी झाडं आहेत. अभ्यासाची."

"अभ्यासाची?" त्यानं टोळीतल्या माणसांकडे पाहिलं. कुणी हसलं नाही. "तसं शेठ सांगतील तर आम्ही लगेच बंद करू. नाहीतर दिवस भरायचाय आम्हाला."

तेवढ्यात पप्पा धापा टाकत वर आले. त्यांना दम्याचा त्रास होता, चढ त्यांना झेपत नसे. ते सरळ अठरा नंबरच्या ऐनाशी गेले आणि त्याला पाठ टेकून उभे राहिले.

"काका, बाजूला व्हा."

"न्हाई."

"काका, शेठचा माल आहे."

"शेठचा न्हाई. आकडा मी दिलाय. शेठला न विचारता छाप घरी नेला, लेकीला दिला. चोरी म्हण पायजे तर. पर ह्याला हात लावू नको."

माझे पप्पा यार्डात कधी कुणाला नाही म्हणाले नव्हते. सुट्टी मागायची तर आदल्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. तो माणूस चार अनोळखी लोकांसमोर, चालू-बंद होणाऱ्या करवतीसमोर, स्वतःला चोर म्हणवून घेत उभा होता. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. मला लाज वाटली, माझी. मी खाली बसले आणि रडले.

शिवानं शेठना फोन लावला. त्याचा लगेच लागला. त्यानं पप्पांना दिला. पप्पा पाठ न हलवता बोलले. "हो शेठ. माझी चूक. हो." बराच वेळ फक्त "हो". मग टोळी खाली उतरली आणि नीलगिरी पाडू लागली. पप्पा तरी तासभर तसेच उभे होते. पारूवहिनींनी पाणी आणून दिलं, तेही त्यांनी झाडाला टेकूनच प्यायलं.

भिकूदादा कंपनीच्या बसनं चारला आले. वर चढले. पडलेल्या झाडांमधून एकदा खालपर्यंत चालत गेले, परत आले. माझ्यासमोर उभं राहून म्हणाले, "ताई, तुमी म्हनला व्हता..."

पप्पा म्हणाले, "दोष माझा हाय दादा. छाप मी दिला."

"छाप तुमी दिला," भिकूदादा म्हणाले, "इस्वास मी ठिवला." आणि घराकडे गेले.

शेठनी पप्पांना कामावरून काढलं नाही. छापांची पेटी मात्र काढून घेतली, दुसऱ्याकडे दिली, आणि त्यांना जुन्या पॅलेटचे खिळे उपसायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत ते खिळेच उपसत होते. ती सतरा झाडं यार्डात आली होती, हेही त्यांनी मला खूप उशिरा सांगितलं. फळ्या त्यांच्याच शेजारच्या बाकावर ठोकल्या गेल्या. खिळे वाकत होते, म्हणाले.

माझ्या सरांनी फार समजुतीनं घेतलं. "सतरा नमुने गेले, एवढंच. मरतूक म्हणून दाखव. कारणाचा रकाना आहेच." कारणाच्या रकान्यात आग, कीड, वारा, तोड असे पर्याय होते. मी "तोड" लिहिलं. ते खरं होतं आणि तरीही ते लिहिताना मी खोटं बोलते आहे असं वाटत होतं.

पुढच्या फाल्गुनात दुसरी मोजणी होती. जाऊ नये असं फार वाटलं. तरी गेले. भिकूदादा घरी होते. "या," म्हणाले, चहा आला, ते गोठ्याकडे निघून गेले. वर आले नाहीत. पारूवहिनी माझ्याबरोबर चढल्या.

वर गेले आणि जागच्या जागी थांबले. एकाही झाडावर आकडा नव्हता. भिकूदादांनी कोयत्यानं सगळे खरवडून काढले होते, हलक्या हातानं, सालीला धक्का न लावता. सत्तेचाळीस झाडं उभी, आणि त्यातलं कुठलं कोणतं हे मला सांगता येईना. ऐन सगळे सारखे, धावडे सगळे सारखे. एका वर्षाचं काम माझ्यासमोर उभं होतं आणि मला वाचता येत नव्हतं. मी क्लिपबोर्ड पिशवीत ठेवायला लागले.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या.

"नंबर गेले वहिनी. आता ओळखायचं कसं?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. मग टेपचं टोक माझ्या हातातून घेतलं आणि सर्वांत वरच्या बाजूला गेल्या. तिथे बुंधा होता, कापलेला. त्याच्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "हा तुमचा एक. लिवा."

"वहिनी, तो... त्याचा घेर कुठला घेणार?"

"फुटवं आलंय की. त्याचा घ्या."

बुंध्याच्या कडेनं खरंच तीन फुटवे आले होते, बोटाएवढे. मी वाकून मोजले. वही गुडघ्यावर ठेवून लिहिले. त्या पुढच्या बुंध्याशी जाऊन थांबल्या. "दोन." मी मोजेपर्यंत हलल्या नाहीत. तीन. चार. मला ते लवकर उरकायचं होतं, मान वर करवत नव्हती. सहाव्याशी त्या म्हणाल्या, "घाई करू नगा. सतरा जागी हुबं ऱ्हायचंय." अठराव्याशी आलो, पप्पांनी पाठ टेकली होती त्या ऐनाशी. त्याची मुळाजवळची जखम भरत आली होती. तिथून खाली चौसष्टपर्यंत वहिनी एकदाही अडखळल्या नाहीत. चोवीस म्हणजे वाकडा, सव्वीस मधाचा, चाळीस घोणशीचा, त्रेपन्न लग्नातला. माझे आकडे त्यांनी त्यांच्या नावांशेजारी ठेवून दिले होते, पाहुण्याची चप्पल ठेवतात तसे. रंगाची गरज पहिल्यापासून फक्त मला होती.

चौसष्टच्या चौसष्ट नोंदी झाल्या. प्रबंध झाला, पदवी मिळाली. आता मी कंपन्यांसाठी पर्यावरणाचे अहवाल लिहिते आणि त्यात "बाधित वृक्ष" असा शब्द दिवसातून दहा वेळा टाइप करते. भिकूदादा माझ्याशी नंतर बोलले, लग्नपत्रिकाही पाठवली लेकीची. पण वर कधी माझ्याबरोबर आले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

आज सकाळी खिडकी उघडली तर घोराडेश्वराच्या बाजूच्या डोंगरावरून धूर येत होता. खाली बावीस पिवळे आकडे. तिन्ही विभागांकडून अजून उत्तर नाही. पप्पा बाल्कनीत बसले होते. आता सत्तरी ओलांडली, चष्म्यातूनही लांबचं दिसत नाही नीट. म्हणाले, "तो आकडा कसला गं, छापाचा हाय का हाताचा?"

"हाताचा."

"मंग कोणाचा हाय ते कळायचं न्हाई."

मी कपाटातून जुना कापडी टेप काढला. कडा उसवल्यात, पहिले दोन सेंटिमीटर पुसलेत. कशाला काढला, ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. घेर घेऊन ठेवावा, कुठला करंज, कुठला वर्षावृक्ष, कोणावर कावळ्याचं घरटं आहे ते लिहून ठेवावं. इतकी वर्षं ह्या रस्त्यानं जाते, बाविसांतलं एकही मला ओळखता येत नाही.

पप्पा उठून दाराशी गेले आणि चपला शोधू लागले.

"तुम्ही कुठं?"

"दुसरं टोक कोण धरणार?"

"पप्पा, मोजणीचेच असतील आकडे. उगाच."

"आणि तोडायचे असले तर?"

त्यांनी चपला घातल्या, भिंतीला हात लावून सरळ झाले.

"एकाला मी पाठ लावून हुबा ऱ्हातो," ते म्हणाले. "बाकी एकवीस राहिली, त्यांचं तू बघ."